एक्सप्लेनर : वादळापेक्षा साध्या वाऱ्यात का डोलते पोलादी चिमणी?

भंडारा जिल्ह्यात वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. अशा कारखान्यांतल्या उंच पोलादी चिमण्या वाऱ्याने थोड्या झुकतात, तेवढी मुभा असतेच. आयएस ६५३३ या भारतीय मानकानुसार शेंडा उंचीच्या २०० व्या भागापेक्षा जास्त झुकू नये. म्हणजे ४५ मीटर उंचीला साडेबावीस सेंटिमीटर.

खरी डोकेदुखी आडव्या डोलण्याची. गोल चिमणीला वळसा घालताना वारा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे भोवरे सोडतो. त्यांची लय चिमणीच्या स्वतःच्या लयीशी जुळली, की झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के बसावेत तसे होते.

हा वेग काढणे शाळकरी मुलालाही जमेल : व्यास गुणिले सेकंदातली आंदोलने गुणिले ५. समजा, व्यास २ मीटर आणि सेकंदाला १ आंदोलन. उत्तर सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किमी! शेजारच्या नागपूरसाठी मानकात धरलेला मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किमी आहे. तसे वादळ क्वचितच येते, ३६ चा वारा मात्र कितीतरी वेळा. त्यातच वेल्डिंगचे सांधे आणि पायाचे बोल्ट हळूहळू थकून तडकू शकतात.

काही चिमण्यांच्या वरच्या भागाला पोलादी पट्ट्या नागमोडी गुंडाळलेल्या दिसतात, त्या याचसाठी. त्या भोवऱ्यांची लय मोडतात. पण पट्ट्यांमुळे वाऱ्याचा दाब वाढतो, त्यामुळे झुकण्याचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.