वेगळ्या पंगतीचा सत्कार नाकारणारी धावपटू

१९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये विल्मा रुडॉल्फ या कृष्णवर्णीय अमेरिकन तरुणीने तीन सुवर्णपदके जिंकली, हे क्रीडाप्रेमींना माहीत असते. पदके घेऊन घरी परतल्यावर तिने काय केले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. ते आमच्या माता-भगिनींपर्यंत आणि शाळेत जाणाऱ्या मुलींपर्यंत पोहोचावे म्हणून हा लेखनप्रपंच.

विल्माचा जन्म २३ जून १९४० रोजी टेनेसी राज्यातील क्लार्क्सव्हिल शहरालगत झाला. दिवस भरण्याआधी जन्मलेले हे बाळ जेमतेम दोन किलोचे होते. वडिलांच्या दोन लग्नांतील बावीस मुलांपैकी ती विसावी. वडील रेल्वेत पोर्टर, आई ब्लँश गोऱ्यांच्या घरी कामाला जाई. न्यूमोनिया, स्कार्लेट फीव्हर आणि मग पोलिओ अशी दुखणी लागोपाठ आली आणि डावा पाय लुळा पडला.

गावात काळ्यांच्या उपचाराची धड सोय नव्हती. म्हणून आई तिला सुमारे ८० किलोमीटरवरच्या नॅशव्हिलला, काळ्या समाजासाठी उभारलेल्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात नेऊ लागली. बसमध्ये बसायचे ते मागच्या बाजूला. आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. आठवड्याला एक फेरी धरली, तरी दोन वर्षांत शंभर फेऱ्या होतात! दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईने त्यासाठी वेळ आणि पैसा कुठून काढला असेल? घरी दिवसातून चार वेळा पाय चोळायचा होता. आई कामावर गेली की भावंडे पाळीपाळीने तो चोळत. बाराव्या वर्षापर्यंत पायातला आधार सुटला आणि पोरगी बास्केटबॉल खेळू लागली. विल्माच्या यशात पहिला वाटा या घराचा आहे, असे आम्ही मानतो.

शाळेच्या मैदानावर तिला एड टेंपल यांनी हेरले. ते टेनेसी स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात मुलींना धावण्याचे शिक्षण देत. तिथे धड आखलेली धावपट्टीही नव्हती. सोळाव्या वर्षी, १९५६ मध्ये, मेलबर्न ऑलिम्पिकच्या रिले शर्यतीत तिला कांस्यपदक मिळाले. १९५८ मध्ये, लग्नाआधीच, ती आई झाली. आपल्याकडे अशा वेळी मुलीचे शिक्षण तिथेच थांबते. तिच्या घरच्यांनी बाळ सांभाळले आणि तिला कॉलेजात पाठवले.

रोममध्ये १०० मीटर तिने ११ सेकंदांत जिंकली. पाठीमागून वारा जास्त असल्याने तो विक्रम धरला गेला नाही, पण प्रतिस्पर्धी बऱ्याच मागे होत्या. मग २०० मीटर, आणि नंतर चार जणींची रिले. रिलेतल्या चौघीही टेनेसी स्टेटच्याच. शेवटच्या टप्प्यात विल्माच्या हाती बॅटन येताना गडबड झाली, तरी तिने अंतर कापून काढले. एकाच ऑलिम्पिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली अमेरिकन स्त्री. इटलीच्या वृत्तपत्रांनी तिला ‘काळी हरिणी’ म्हटले. कौतुकच ते, पण माणसाला जनावराचे नाव आणि त्यावर कातडीचा रंग लावण्याची ही तऱ्हा आम्हाला रुचत नाही.

क्लार्क्सव्हिलने मिरवणूक आणि मेजवानी ठरवली. राज्याचे गव्हर्नर काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याच्या बाजूचे. प्रथेप्रमाणे गोरे एकीकडे, काळे दुसरीकडे बसायचे होते. अवघ्या वीस वर्षांच्या विल्माने सांगितले, वेगवेगळे बसवणार असाल तर मी येणार नाही. याचा अर्थ आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. शहराला नमते घ्यावे लागले. ४ ऑक्टोबर १९६० रोजी रस्त्यावर दोन्ही समाज एकत्र उभे राहिले आणि रात्री ११०० माणसे एका पंगतीला जेवली. त्या शहराच्या इतिहासातला असा हा पहिलाच सार्वजनिक समारंभ.

पण एका जेवणाने हॉटेलांची दारे उघडली नाहीत. १९६१ मध्ये तिने स्टुटगार्टला ११.२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला आणि १९६२ मध्ये, बाविसाव्या वर्षी, धावणे थांबवले. १९६३ मध्ये सरकारने तिला सदिच्छादूत म्हणून सेनेगलमधील डकारला पाठवले. परदेशात देशाची प्रतिनिधी, आणि स्वतःच्या गावात हॉटेलात बसायची बंदी! परतल्यावर काही आठवड्यांतच ती एका हॉटेलासमोरच्या निदर्शनांत उतरली. थोड्याच दिवसांत महापौरांनी शहरातील हॉटेले आणि सार्वजनिक जागा सर्वांना खुल्या होतील, असे जाहीर केले.

पदकांचे पैसे मात्र झाले नाहीत. हौशी खेळाडूने खेळातून कमाई करायची नाही, असा तेव्हाचा नियम. शिक्षणशास्त्राची पदवी घेऊन ती प्राथमिक शिक्षिका झाली, आपल्याच जुन्या शाळेत मुलींना धावायला शिकवू लागली. पुढे गावे बदलली, नोकऱ्या बदलल्या. चार मुलांचा संसार, १९८० मध्ये घटस्फोट. १९७७ मध्ये तिचे आत्मचरित्र आले, त्यावर दूरदर्शनपट निघाला. १९८१ मध्ये तिने इंडियानापोलिस येथे स्वतःच्या नावाने संस्था काढली, तिथे गरीब मुलांना खेळाबरोबर अभ्यासालाही मदत मिळे.

१२ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, मेंदूच्या कर्करोगाने तिचे निधन झाले. क्लार्क्सव्हिलमधील एका हमरस्त्याला आज विल्मा रुडॉल्फचे नाव आहे.