सात रुपयांचा शिपाई, सुरतेचा पहारा

शिवरायांनी १६६४ आणि १६७० अशी दोनदा सुरत लुटली, पण तापीकाठचा किल्ला काही हाती लागला नाही. १७५९ मध्ये तो ईस्ट इंडिया कंपनीने घेतला, १८०० मध्ये नवाबाकडून शहराचा कारभारही काढून घेतला आणि तिथे मुंबई फौजेचं ठाणं बसलं. या फौजेच्या पायदळात कोकणातल्या मराठी पोरांचा भरणा मोठा. कसा जगत होता हा एकोणिसाव्या शतकातला लाल डगलेवाला? ऐका त्याच्या काही गमतीच्या, काही चटका लावणाऱ्या गोष्टी.

पगार? सात रुपये फक्त!
साध्या शिपायाचा महिना सात रुपये. महागाई वाढली, राणीचं राज्य आलं, रेल्वे धावू लागली, पण आकडा हलेना. अखेर १८९५ मध्ये तो नऊ झाला! लांबच्या मोहिमेवर भत्ता मिळे, तेवढाच दिलासा. राहायला झोपडी लागते? ती शिपायानेच उभारायची.

पुढचे दात दाखवा
सुरुवातीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातूनच भरावी लागे. कागदी काडतूस आधी दाताने फाडायचं, मग दारू ओतायची. म्हणजे पुढचे दात पडले की शिपायाची अर्धी लढाई तिथेच संपली! साडेचार किलोंची ही ‘ब्राउन बेस’ सराईत हातात मिनिटाला तीन बार काढी. नेम मात्र शंभर पावलांपलीकडे रामभरोसे.

गावात शिवाशिव, रांगेत खांद्याला खांदा
बंगालच्या फौजेत उच्चवर्णीयांचा वरचष्मा होता. मुंबई फौजेची तऱ्हा वेगळी. एकाच पलटणीत मराठा, महार, उत्तरेकडचे ‘परदेशी’ आणि मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायलीसुद्धा! कोकणात तेल गाळणारे हे ‘शनवार तेली’ शनिवारी घाणा बंद ठेवत. पलटणीत त्यांनी चांगलं नाव काढलं.

काळं पाणी? चला की!
समुद्र ओलांडला की धर्म बुडतो, म्हणून १८५२ मध्ये बंगालच्या एका पलटणीने ब्रह्मदेशाला जहाजाने जायला नकार दिला. मुंबईचे शिपाई तर १८०१ मध्येच तांबडा समुद्र पार करून इजिप्तला पोचले होते. तिथलं वाळवंट तुडवत नाईल गाठली, आणि कळलं काय, तर फ्रेंचांशी लढाई जवळपास आटोपलेली! १८६८ मध्ये मुंबई फौज पुन्हा आफ्रिकेत, अबिसिनियात उतरली. या वेळी तोफा ओढायला हिंदुस्थानातून ४४ हत्तीही जहाजात चढले.

रात्रभर चाल, दिवसभर लढाई
३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री शिरूरहून एक पलटण पुण्याकडे निघाली. रात्रभरात सुमारे २७ मैल तुडवून सकाळी कोरेगावला पोचते, तो भीमेपलीकडे पेशव्यांचं सैन्य उभं. पायदळ पाचेकशे, घोडेस्वार आणि गोलंदाज धरून सगळे मिळून आठशेच्या घरात. पोटात अन्न नाही, प्यायला पाणी नाही, आणि लढाई चालली रात्रीपर्यंत. तिथल्या विजयस्तंभावर नावं आहेत ४९. त्यांतली २२ ‘नाक’ या शेपटाची, म्हणजे महार शिपायांची. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तिथे मानवंदनेला गेले.

काली पाँचवी
१८४० मध्ये बलुचिस्तानातल्या कहान किल्ल्यात मुंबईची पाचवी पलटण अडकली. मदतीला आलेली तुकडी वाटेतच मार खाऊन परतली. तरी कॅप्टन लुईस ब्राउनच्या हाताखालच्या मूठभर शिपायांनी सुमारे पाच महिने किल्ला झुंजवला आणि शेवटी वाटाघाटी करून ते सुखरूप बाहेर पडले. या पलटणीचा वारसा आजही मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या बटालियनकडे आहे. तिचं टोपणनाव? ‘काली पाँचवी’!

केस पिकले, तरी सलाम
शिपाई, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार ही पलटणीतली शिडी. ती चढायची सेवाज्येष्ठतेने, त्यामुळे वरच्या पायरीवर पोचेपर्यंत मिशा पांढऱ्या व्हायच्या. एवढं करून हाती काय? विलायतेहून कालपरवा उतरलेला, मिसरूड न फुटलेला गोरा अधिकारीही सुभेदाराहून वरचढच.

शौर्यपदक आधी आपल्याकडे
व्हिक्टोरिया क्रॉस निघाला १८५६ मध्ये. कंपनीने देशी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ काढली होती १८३७ मध्ये, म्हणजे १९ वर्षं आधी! व्हिक्टोरिया क्रॉसचं दार मात्र हिंदी सैनिकांना १९११ पर्यंत बंदच होतं.

कुत्रा अजरामर, शिपाई?
२७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदला इंग्रजी फौजेचा धुव्वा उडाला. मुंबईच्या ग्रेनेडियर्सनी तिथे मोठी किंमत मोजली. इंग्लंडात गाजला तो मात्र ६६ व्या गोऱ्या पलटणीचा बॉबी नावाचा कुत्रा. जखमी बॉबी तळावर परतला, राणीने स्वतः त्याला पदक घातलं. पदकानंतर पुढच्याच वर्षी तो घोडागाडीखाली सापडून मेला. त्याचा पेंढा भरलेला देह आजही सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे.

बंदुकीपेक्षा पाटी मोठी
या नोकरीची खरी कमाई पलटणीतल्या शाळेत होती. शिपायांच्या मुलांनाच नव्हे, मुलींनाही तिथे शिकवत. हवालदार मालोजी सकपाळांचे चिरंजीव रामजी सुभेदार झाले आणि १४ वर्षं लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांचे धाकटे चिरंजीव म्हणजे बाबासाहेब, जन्म महूच्या छावणीतला. १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीत बसून अस्पृश्यतेविरुद्ध लेखणी चालवू लागले. १८९० च्या दशकात सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा पहिला अर्ज खरडणारे हेच. ज्या फौजेने राज्य राखलं, तिच्याच शाळेतून हक्क मागणारी माणसं निघाली.

आणि सुरतेचं काय झालं?
१८६२ मध्ये किल्ल्यातली शिबंदी हलवली गेली. काम उरलं नव्हतं! रिकाम्या खोल्यांत महसूल आणि पोलीस खात्यांची कचेरी थाटली. आता तिथे संग्रहालय आहे. सुरतेला गेलात तर साड्या आणि घारी मिठाईच्या खरेदीतून तासभर काढून ते बघा.

जाता जाता एक विनंती. १८०३ ते १८२६ दरम्यानच्या लढायांचं पदक सरकारने जाहीर केलं १८५१ मध्ये, आणि तेही हयात असलेल्यांनाच. कोरेगाववाल्यांना ३३ वर्षं थांबावं लागलं! अशी पदकं चांदीची असत आणि त्यांच्या कडेवर शिपायाचं नाव नि पलटण कोरलेली असे. आजोबा-पणजोबांच्या पेटीत असं काही सापडलं, तर आधी भिंग घेऊन कड वाचा. सोनाराकडे मोडीत मात्र घालू नका.