एम.जी. : मिजेट ते एम.जी.बी.

इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे विल्यम मॉरिस ह्यांच्या मालकीचे ‘मॉरिस गॅरेजेस’ हे मोटारींच्या विक्रीचे व दुरुस्तीचे दुकान होते. १९२२ साली सेसिल किंबर त्याचे व्यवस्थापक झाले. मॉरिसच्या साध्या कौटुंबिक मोटारीच्या सांगाड्यावर वेगळ्या, अधिक डौलदार घडणीची गाडी उभारून ती विकावी, ही त्यांची कल्पना. दुकानाच्या आद्याक्षरांवरून ह्या गाड्यांना ‘एम.जी.’ हे नाव पडले. नित्याच्या वापरातील मोटारीचे भाग घेऊन स्वस्त स्पोर्ट्स मोटार घडवायची, हे सूत्र पुढे अर्धशतकाहून अधिक काळ टिकले. ह्या गाड्यांचा उत्कर्ष त्यातून झाला आणि अखेरीस त्याच सूत्राची मर्यादाही उघड झाली.

१९२८ च्या लंडन प्रदर्शनात मांडलेली ‘मिजेट’ हे ह्या सूत्राचे पहिले मोठे यश होय. तिचे ८४७ घ.सें.मी.चे एंजिन ‘मॉरिस मायनर’ ह्या छोट्या मोटारीचे होते. वरचा भाग लाकूड व कापड ह्यांचा असल्याने गाडी हलकी झाली. किंमत होती १७५ पौंड. बऱ्याच अंशी धनिकांपुरती असलेली हौस त्यामुळे मध्यमवर्गीय तरुणांच्या आवाक्यात आली. १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला हलला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला परकीय चलनाची निकड होती. १९४५ ची ‘टी.सी.’ मूलतः युद्धपूर्व घडणीचीच होती. तरीही सुमारे २,००० गाड्या अमेरिकेत खपल्या. त्यानंतरच्या ‘टी.डी.’ मध्ये पुढची दोन्ही चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वरखाली होत, आणि सुकाणूचक्र डावीकडेही मिळू लागले. तिच्या जवळजवळ ३०,००० गाड्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेला गेल्या.

१९५२ मध्ये मॉरिस व ऑस्टिन हे उद्योग एकत्र आले. त्यामुळे १९५५ च्या ‘एम.जी.ए.’ ला गोलाईदार नवे रूप आणि ऑस्टिनच्या घडणीचे एंजिन लाभले. १९६२ च्या ‘एम.जी.बी.’ मध्ये स्वतंत्र सांगाडाच नाहीसा झाला. पोलादी पत्र्याची काया स्वतःच सारा भार पेलू लागली. १,७९८ घ.सें.मी.चे एंजिन व ऐसपैस बैठक असलेल्या ह्या मालिकेच्या पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या.

परंतु अमेरिकेवरील भिस्त आता जाचक ठरली. तेथील सुरक्षा-नियमांसाठी १९७४ च्या अखेरीस गाडीची उंची वाढवून तिला काळे रबरी बंपर बसविण्यात आले. तिची वळणावरील पकड ढळली. धुरावरील निर्बंधांनी एंजिनाची शक्ती घटविली. मालक असलेल्या ब्रिटिश लेलँडने नव्या स्पोर्ट्स मोटारीसाठीचे भांडवल ‘ट्रायम्फ टी.आर. ७’ कडे वळविले. पौंड महागल्याने निर्यातही आतबट्ट्याची झाली. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला. गाडीला गिऱ्हाईक उरले होते. मात्र जिच्या भागांवर तिने पुन्हा उभे राहावे, अशी नवी मोटार तिच्या वाट्याला आली नाही.