हा मासा कुठल्या नदीचा?

महाराष्ट्रात ट्राउट नाही. सामन तर भारतातल्या कुठल्याच नदीचा मूळचा मासा नाही. मुंबईच्या हॉटेलांत 'इंडियन सामन' म्हणून पानात येतो तो आपला रावस, आणि रावसाचं सामनच्या घराण्याशी काही नातं नाही. ट्राउटला गार, खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर गेलं की त्याची तगमग सुरू होते आणि २५ अंशांच्या आसपास तो तग धरू शकत नाही. आपल्या धरणांचं पाणी मे महिन्यात त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं.

तरीही मुंबईतल्या मानखुर्दच्या एखाद्या माणसाला फ्लाय फिशिंग शिकावंसं वाटलं, तर त्यात वावगं काही नाही. खाडीकाठच्या वस्तीला गळ नवा नाही. फक्त 'कोणती काठी घेऊ, कोणतं रीळ घेऊ' हा प्रश्न नंतर यावा आणि 'मी ज्या माशाच्या मागे आहे तो कुठल्या पाण्याचा' हा आधी यावा, असं माझं ठाम मत आहे. कारण या छंदाचा इतिहास हा माशांच्या, अंड्यांच्या आणि पिसांच्या ने-आणीचा इतिहास आहे, आणि त्यात सह्याद्रीचा वाटा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

पिसापासूनच सुरुवात करतो. फ्लाय म्हणजे दोरा, पिसं आणि केस बांधून सजवलेला गळ. ट्राउट पाण्यातले आणि पाण्यावरचे किडे खातो, म्हणून त्याच्यासाठीची फ्लाय किड्यासारखी दिसावी लागते. सामनची गोष्ट वेगळी. अटलांटिक सामन समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परततो. नदीत शिरल्यावर तो खाणं सोडतो, अंगातल्या चरबीवर जगतो, आणि तरीही समोरून गेलेल्या रंगीत पिसांच्या जुडग्यावर कधी कधी झडप घालतो. चिडून घालतो की जुन्या सवयीने, यावर वाद आजही चालू आहेत. खाद्याची नक्कल करायची नसल्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश कारागिरांनी सामनच्या फ्लायवर जगभरची पिसं लावली. 'जॉक स्कॉट' ही त्यातली सर्वांत नावाजलेली. तिच्या दोन्ही बाजूंना बसतं ते पीस आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेचं.

हे पीस एकदा जवळून पाहावं. काळसर, अरुंद, आणि मधल्या दांडीवर एकाखाली एक पांढरे-पिवळे चकचकीत ठिपके. दांडीच तिथे चपटी होऊन कडक झालेली असते, त्यामुळे ठिपका वाळलेल्या मेणासारखा लागतो. पाण्यात भिजल्यावरही तो मिटत नाही, लहान माशाच्या डोळ्यासारखा लुकलुकत राहतो. हा कोंबडा द्वीपकल्पातल्या जंगलांचा रहिवासी, सह्याद्रीत पहाटे त्याची तुटक बांग ऐकू येते. त्याच्या मानेची कातडी इंग्रजी अमदानीत बोटींतून विलायतेला जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिलं, आणि आता परदेशातले फ्लाय बांधणारे तिकडेच पाळलेल्या रानकोंबड्यांची पिसं वापरतात. तुम्ही स्वतः फ्लाय बांधायला शिकणार असाल तर गावठी कोंबड्याचं पीस घ्या. कुणी रानातलं आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका.

आता फेकण्याविषयी. वाशीच्या पुलाजवळ मानखुर्दच्या बाजूला गळ टाकणाऱ्यांना नुसतं पाहिलं तरी फरक समजतो. त्यांच्या दोरीच्या टोकाशी शिसं असतं. शिसं पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे जाते. ट्रॉम्बे कोळीवाड्यातला माणूस पाग टाकतो तेव्हाही जाळ्याच्या घेरातलं शिसंच जाळं उघडतं. फ्लायला वजनच नाही. म्हणून वजन दोरीत घातलेलं असतं: जाड, प्लास्टिकचा लेप दिलेली, टोकाकडे निमुळती होत जाणारी दोरी. तिला नंबर असतात. ट्राउटसाठी आणि लहान महाशीरसाठी ५ नंबरची दोरी सर्रास वापरतात. तिच्या पहिल्या ३० फुटांचं वजन जेमतेम ९ ग्रॅम भरतं. काठी त्याच नंबरची, साधारण ९ फुटांची. सामनसाठी दोन्ही हातांनी धरायची, १२ ते १५ फुटांची काठी लागते. ती इथे घेण्यात काही अर्थ नाही.

ही दोरी फेकायची विद्या पाण्यावर शिकूच नये, मैदानात शिकावी. मानखुर्द-गोवंडीकडे क्रिकेट सुरू होण्याआधी सकाळी एखादा मोकळा तुकडा मिळतो. पुढे ३० फूट आणि मागे ३० फूट रिकामं हवं, हे महत्त्वाचं, कारण दोरी जितकी पुढे जाते तितकीच आधी मागे जाते. टोकाला गळ न लावता लोकरीचा लाल धागा बांधा. दोरी समोर सरळ पसरा. काठी खाली ठेवून सावकाश उचलायला सुरुवात करा, वेग वाढवत न्या आणि कानाच्या जरा मागे ठक्कन थांबवा. आता थांबायचं. दोरी मागे उलगडत असते, मान वळवून ती बघावी. ती सरळ झाली की पुढे, पुन्हा वेग वाढवत, पुन्हा ठक्कन थांबा. नवा माणूस मागे थांबतच नाही. दोरी अर्धी उलगडलेली असतानाच तो पुढे ओढतो, चाबकासारखा आवाज येतो, आणि गळ बांधलेला असता तर त्या आवाजासरशी तुटून गेला असता. दुसरी खोड मनगटाची. मनगट मागे कोसळलं की दोरी गवतात पडते. जोर लावणाऱ्यापेक्षा थांबणाऱ्याला ही विद्या लवकर येते. खांबावरच्या आणि झाडांमधल्या विजेच्या तारांवर मात्र नजर ठेवा. ९ फुटांची कार्बनची काठी वीज वाहून नेते.

मैदानातला धागा हवा तिथे पडू लागला की पाण्याची ओढ लागते, आणि इथे आपला मूळ प्रश्न पुन्हा येतो. बहुतेकांच्या मनात काश्मीर किंवा कुलू असतं. जावं जरूर. पण तिथला ट्राउटही तिथला नाही. श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणाऱ्या फ्रँक मिचेल या गृहस्थाने विलायतेतून ब्राउन ट्राउटची अंडी मागवली. १८९९ मधली पहिली खेप वाटेत मेली, १९०० मधली दुसरी जगली आणि हारवानच्या मत्स्यबीज केंद्रातून खोऱ्याच्या नाल्यांमध्ये गेली. तिथून अंडी हिमाचलातही पोचली. निलगिरीत आधीचे प्रयत्न फसल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी रेनबो ट्राउट रुजला, तो मूळ अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा. हे दोन्ही ट्राउट आज जगातल्या सर्वांत घातक १०० आगंतुक जातींच्या यादीत आहेत. हिमालयातल्या मूळच्या स्नो ट्राउटला, म्हणजे असेलासारख्या माशांना, ब्राउन ट्राउटने मागे रेटल्याच्या नोंदी आहेत. गोऱ्या साहेबाला गावाकडच्या नदीची आठवण आली आणि त्याची किंमत इथल्या माशाने मोजली.

आपल्याकडे गळाला लागणारा खरा मानाचा मासा म्हणजे महाशीर. १८३९ मध्ये कर्नल विल्यम साइक्सने दख्खनच्या माशांचं वर्णन छापलं. त्यात पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या पाण्यातल्या महाशीरला त्याने 'खुद्री' हे नाव दिलं, आणि शास्त्रात ते आजही चालतं. तोंडात दात नाहीत. दात आहेत ते घशात, आणि त्यांनी तो खेकड्याचं कवच फोडतो. उंबराचं फळ, किडा, शंख, लहान मासा, सगळं खातो, म्हणून फ्लायलाही येतो. गळ लागल्यावरची त्याची पहिली धाव ज्याने हातात झेलली तो ती विसरत नाही. महाशीर कसा पकडावा याचा एक गाजलेला ग्रंथ, ए. सेंट जे. मॅकडोनल्ड यांचा, १९४८ मध्ये प्रसिद्ध केला तो मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने.

पण महाशीरला पावसाळ्यात वर चढावं लागतं. वाहत्या, स्वच्छ, गोट्यांच्या पाण्यात तो अंडी घालतो. धरणाने वाट अडली की पुढची पिढी थांबते. या अडचणीवर उपाय शोधला गेला तो एका धरणाच्याच काठी, लोणावळ्याला. खोपोलीच्या वीजघरासाठी टाटांनी बांधलेलं वळवण धरण १९१६ चं. इंद्रायणीच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली उतरवून मुंबईच्या गिरण्या त्यावर चालल्या. त्या तलावाकाठी १९७० च्या सुमारास डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी दख्खनी महाशीरचं कृत्रिम प्रजनन साधलं. कुलकर्णी महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे संचालक होते. पुढे एस. एन. ओगले यांनी हे काम वर्षानुवर्षं वाढवलं.

काम दिसायला साधं आणि करायला नाजूक. पावसाळ्यात पिकलेली मादी हातात घ्यायची, पोटावरून हलका हात फिरवायचा, की अंडी कोरड्या भांड्यात उतरतात: पिवळीधमक, साबुदाण्याहून थोडी लहान. त्यावर नराचं बीज, मग पाणी. कटल्याची किंवा रोहूची अंडी पाण्यात हलकी राहतात. महाशीरची जड, तळाशी बसणारी. म्हणून ती ट्रेमध्ये एका थरात पसरून त्यावरून सतत पाणी वाहतं ठेवावं लागतं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, ते लगेच वेचलं नाही तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर चढते. साधारण तीन दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि उजेड टाळून ट्रेच्या कोपऱ्यात दाटीने बसतात. पोटातला बलक संपेपर्यंत ती तिथून हलत नाहीत. त्यांचं जिरे, मग बोटुकली आणि मग नदीत सोडण्याजोगं पिल्लू होईपर्यंत माणसाला डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं.

या केंद्रातून लाखो पिल्लं बाहेर गेली, राज्यातल्या तलावांत आणि परराज्यांतही. खुद्री महाशीर एके काळी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या संकटग्रस्त यादीत होता, २०१८ मध्ये तो धोक्याबाहेर धरला गेला. हे मोठं यश आहे आणि ते मराठी मत्स्यशास्त्रज्ञांच्या नावावर ठळकपणे लिहिलं गेलं पाहिजे.

त्याच वर्षी दुसरी बातमी आली. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याची बोटुकली कावेरीत सोडली गेली होती. हेतू चांगला होता. कावेरीतला महाशीर कमी होत होता आणि गळकऱ्यांनाच त्याची काळजी होती. पण कावेरीचा स्वतःचा महाशीर वेगळा होता: पाठीला कुबड असलेला, नारिंगी परांचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. कित्येक दशकं त्याचे फोटो निघाले, वजनाचे विक्रम झाले, पण शास्त्रातलं त्याचं नेमकं नाव २०१८ पर्यंत ठरलं नव्हतं. ते ठरलं, 'टॉर रेमादेवी', आणि लगेच तो अतिसंकटग्रस्त जाहीर झाला. गळकऱ्यांच्या शिबिरांतल्या पकडीच्या नोंदवह्या संशोधकांनी चाळल्या तेव्हा दिसलं की निळ्या परांचा खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला कमी होत गेला. वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी, धरणं ही कारणंही आहेत. तरी आपल्या खुद्रीचा त्यात वाटा आहे, हे मान्य केलंच पाहिजे. मिचेलने काश्मिरात केलं त्याहून हे फार वेगळं नाही. मासा भारतातला होता, एवढाच फरक.

उलट, जिथे कुणी काही आणलं नाही, फक्त पकडायचं नाही असं ठरवलं, तिथे महाशीर टिकले. वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे, महाडकडे काळ नदीवरचं वाळणकोंड: देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. पहिली फ्लाय टाकण्याआधी नव्या माणसाने यातल्या एका डोहावर तासभर बसावं. मासा प्रवाहाच्या कडेला कसा उभा राहतो, दगडामागच्या संथ पाण्यात कधी सरकतो, वरून येणारं खाद्य कसं टिपतो, हे तिथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं कुठल्या पुस्तकात नाही. गळ अर्थातच घरी ठेवून जायचं.

मग प्रत्यक्ष सुरुवात कुठे? मानखुर्दच्या खाडीत नको. उत्तरेकडचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, ट्रॉम्बेचा किनारा संरक्षित, आणि उरलेल्या पाण्यावर पहिला हक्क कोळ्यांचा. खाडीकडून भरती-ओहोटी, उधाण आणि भांग शिकून घ्या. पुढे कोकणातल्या एखाद्या खाडीत जिताड्याच्या मागे गेलात तर तेच कामी येईल. पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन आहे. तिथला कटल्यासाठी पिठाचा गोळा लावून बसणारा जुना गळकरी फ्लाय वापरत नसला, तरी गाठ कशी मारावी आणि मासा कसा थकवावा हे त्याच्याकडून शिकण्यासारखं आहे. टाटांच्या तलावांवर परवानगीशिवाय जाऊ नका, आणि जुलै ते सप्टेंबर महाशीरच्या वाटेला अजिबात जाऊ नका.

पहिला मासा म्हणून मी चिलापी सुचवेन. आफ्रिकेचा हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला आणि आज जवळजवळ प्रत्येक तळ्यात आहे. ठाणे-रायगडात मालकाच्या परवानगीने गळ टाकता येईल अशी शेततळी सापडतात. १२ नंबरचा गळ, त्याचा काटा पकडीने दाबून सपाट केलेला, वर तपकिरी लोकर आणि गावठी कोंबड्याचं एक पीस. काठापासून १५-२० फुटांवर टाका, बुडू द्या, बोटभर बोटभर ओढा. दोरीचं टोक किंचित जरी अडलं तरी काठी उचला. चिलापी आली तर ती परत सोडायची नाही. घरी न्या, खवले काढा, हळद-मीठ-आगळ लावून तळा.