पीसीतलं पाणी आणि धातूंचं वैर

परवा भाचा त्याचा पीसी घेऊन आला. वर्षभरापूर्वी हौसेने स्वतः वॉटर कूलिंग केलेलं, आणि आता गेम लावला की प्रोसेसर थेट ९५ अंशांवर! प्रोसेसरवरचा, पाणी फिरणारा ब्लॉक उघडला, तर आतल्या केसासारख्या बारीक खाचा पांढरट गाळाने बुजलेल्या.

ब्लॉक तांब्याचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा. एकाच पाण्यात हे दोन धातू आले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि ॲल्युमिनियम झिजत जातं. तो गाळ त्याचाच.

म्हणून सगळे भाग तांब्याचे, पितळेचे किंवा निकेलचा मुलामा दिलेलेच घ्या. नळाचं पाणी नकोच, त्यात क्षार असतात. तयार कूलंट उत्तम.

बाकी रचना सोपी आहे. पंप पाणी फिरवतो, ब्लॉकमधली उष्णता रेडिएटरकडे जाते, पंखे ती बाहेर टाकतात. पाणी मात्र खोलीच्या तापमानाखाली जात नाही. नागपूरकरांनो, मे महिन्यात हे लक्षात असू द्या.

आणि गळतीची चाचणी कधीही टाळू नका. मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डच्या पॉवर केबल काढा, वीज फक्त पंपाला द्या. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवून रात्रभर चालवा. माझ्या पहिल्या बिल्डमध्ये पहाटे एक कागद ओला सापडला. ओ-रिंग मुडपली होती. बोर्डात वीज नव्हती, म्हणून तो वाचला.

तुम्ही वॉटर कूलिंग करायच्या विचारात असाल तर कॅबिनेट कोणतं आहे ते लिहा. रेडिएटर कुठे बसेल, ते सांगतो.