गोष्टीतली मातीची माणसे

दिवाळी आली, की आपल्या सिन्नरची मुले अंगणात दगडमातीचा किल्ला करतात. बाजारातून मातीची रंगीत चित्रे आणतात. वर शिवाजीमहाराज बसवतात. बुरुजावर मावळे उभे करतात. मग आजोबा तानाजीची गोष्ट सांगतात.

सण सरला, की ही चित्रे कुठे जातात? पुष्कळदा उकिरड्यावर!

पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांचा धंदा करीत. १९२० च्या सुमारास ते घरोघरच्या जुन्या वस्तू जमवू लागले. दिवे, अडकित्ते, बाहुल्या, खेळणी. लोक ज्याला अडगळ म्हणत, ते त्यांनी जपले. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचे नाव त्यांनी या संग्रहाला दिले. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आज २०,००० च्या वर वस्तू आहेत.

आपल्याला एक डबा पुरे. कच्च्या मातीचे चित्र धुऊ नका, ते विरघळते. कोरड्या, मऊ फडक्याने पुसा. चिनी मातीची बाहुली भट्टीत भाजलेली असते. तिला पाणी बाधत नाही, पण पडली की फुटते. दोन्ही कापसात गुंडाळून ठेवा.

सोबत एक चिठ्ठी ठेवा. चित्र कोणाचे, कोणी आणले, कोणत्या साली, ते लिहा. आता तुम्हांला लिहिता येते ना?

पुढे नातवंडे डबा उघडतील. चिठ्ठी वाचतील. मावळ्याबरोबर तुमचीही गोष्ट त्यांना कळेल.