कोयना धरणातील तडे आणि दोन रेझिने : एपॉक्सी व पॉलिएस्टर यांचा तौलनिक विचार

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर परिसरात सुमारे ६.३ परिमाणाचा भूकंप झाला. त्यात कोयना धरण ढासळले नाही; तथापि सांडव्याव्यतिरिक्त भागातील उंच खंडांत आडवे तडे गेले. १०३ मीटर उंचीच्या या रबल काँक्रीट धरणाचा प्रवाहाखालील बाजूचा उतार पायथ्यापासून सुमारे ६६ मीटरांवर एकाएकी बदलतो. तडे मुख्यत्वे याच पातळीच्या आसपास आढळले. काही खंडांतून पाणी पाझरू लागल्याने ते आरपार गेले असावेत असे अनुमान निघत होते. हे तडे सांधण्यासाठी एपॉक्सी रेझीन दाबाखाली भरण्यात आले. पॉलिएस्टर रेझीन तुलनेने स्वस्त असता अशा कामी एपॉक्सीच का पत्करावे, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

प्रथम सिमेंटविषयी. सिमेंटचे कण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक भेगेत नीट शिरत नाहीत, आणि शिरले तरी जुन्या काँक्रीटशी होणारा त्यांचा सांधा ताण फारसा सोसत नाही. पातळ रेझीन मात्र याहून कितीतरी सूक्ष्म भेगांत पोहोचते.

एपॉक्सी व पॉलिएस्टर ही दोन्ही उष्णतादृढ प्लॅस्टिके होत. म्हणजे एकदा घट्ट झाल्यावर ती तापवून पुन्हा वितळत नाहीत. परंतु त्यांच्या घट्ट होण्याच्या रीती भिन्न आहेत. असंतृप्त पॉलिएस्टर स्टायरीनमध्ये विरघळविलेले असते. सेंद्रिय पेरॉक्साइड घातले की मुक्त मूलकांमार्फत साखळी-विक्रिया सुरू होऊन रेणूंमध्ये आडबंध निर्माण होतात. एपॉक्सीत अमाइन-वर्गीय हार्डनरमुळे तीन अणूंचे एपॉक्साइड वलय उघडते व रेणू परस्परांशी जोडले जातात. येथे हार्डनर हा केवळ उत्प्रेरक नसून अंतिम जालकाचा घटकच असतो. म्हणून त्याचे प्रमाण काटेकोर राखावे लागते.

सामर्थ्याच्या कसोटीवर दोहोंत निवड करणे कठीण आहे. घट्ट रेझिनांचे ताणसामर्थ्य सामान्यतः ४० ते ८० मेगापास्कल, तर काँक्रीटचे जेमतेम २ ते ४ मेगापास्कल असते. सबब दोन्ही रेझिने काँक्रीटहून पुष्कळच बळकट ठरतात. खरा भेद आकुंचन व क्षारसहत्व या दोन गुणांत आहे.

पॉलिएस्टर घट्ट होताना त्याचे आकारमान सुमारे ६ ते १० टक्के घटते. एपॉक्सीचे साधारण २ ते ४ टक्के. भेगेच्या दोन्ही भिंती अचल असल्याने रेझीन मुख्यतः जाडीच्या दिशेनेच आक्रसू पाहते. २ मिलिमीटर रुंदीच्या भेगेत ८ टक्के आकुंचन याच दिशेने झाले, तर ०.१६ मिलिमीटरची नवी फट पडेल, किंवा सांध्यावर तेवढा ताण साठून राहील. एपॉक्सीचे बरेचसे आकुंचन ते प्रवाही असतानाच घडते; त्यामुळे दाबाखाली आत येणारे रेझीन ती तूट भरून काढते.

दुसरी बाब क्षाराची. काँक्रीटच्या छिद्रांतील पाण्याचे पीएच मूल्य १२ हून अधिक असते. अशा क्षारी पाण्यात पॉलिएस्टरमधील एस्टर बंधांचे हळूहळू विच्छेदन होते. तेल व कॉस्टिक सोडा यांपासून साबण बनतो, ती हीच विक्रिया होय. एपॉक्सीतील ईथर बंधांवर क्षाराचा असा परिणाम होत नाही. शिवाय त्यातील हायड्रॉक्सिल गटांमुळे ते काँक्रीटला घट्ट चिकटते, आणि योग्य हार्डनर निवडल्यास ओलसर पृष्ठभागावरही वापरता येते. पाझरणाऱ्या धरणात ही गोष्ट निर्णायक ठरते.

यावरून पॉलिएस्टर हे हीन द्रव्य आहे असे समजू नये. काचतंतूंसह त्यापासून होड्या, टाक्या व छपराचे पन्हळी पत्रे बनतात. बोगद्यात खडकात सळया रोवताना तर त्याचे काही मिनिटांत घट्ट होणे हा मोठाच गुण असतो. तेथे सळईच्या कंगोऱ्यांची पकड असल्याने आकुंचनाची बाधाही कमी होते. उलट एपॉक्सी महाग आहे. सामान्य तापमानाला घट्ट केलेले एपॉक्सी साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडू लागते, आणि त्याचे उष्णताजन्य प्रसरण काँक्रीटच्या कित्येक पट असते. म्हणून जाड थरापेक्षा बारीक भेगेतच ते अधिक शोभते.

तथापि रेझीन दुभंगलेले काँक्रीट पुन्हा एकसंध करते. तडा ज्या कारणाने गेला ते कारण त्याने नाहीसे होत नाही. कोयनेत उतार जेथे एकाएकी बदलतो तेथे भूकंपाच्या वेळी ताण एकवटला होता, आणि रेझीन भरल्यावरही धरणाचा छेद तोच राहणार होता. यास्तव उंच खंड पूर्वप्रतिबलित पोलादी तारांनी जखडण्यात आले, व पुढे प्रवाहाखालील बाजूस काँक्रीटचे भक्कम आधार बांधण्यात आले. ज्या द्रव्याचा सांधा काँक्रीटहून बळकट, त्यानेही धरणाच्या आकारातील उणीव भरून निघत नाही. द्रव्याची निवड रसायनशास्त्राने करावी. परंतु त्या द्रव्यावर किती भार सोपवावा, याचा निर्णय स्थापत्यशास्त्रानेच करावयाचा असतो.